भांड्यात उरलेले पाणी

आज वैशाखी पौर्णिमा. भगवान बुद्धांचे स्मरण होताच निर्वाण, अनात्म, प्रतीत्यसमुत्पाद अशा गहन सिद्धान्तांकडे मन धाव घेते. आम्ही मात्र आज वाचकांपुढे शौचकूपातील पाण्याच्या एका भांड्याची कथा ठेवीत आहोत. विषय क्षुद्र वाटेल. परंतु कीर्तनाच्या बैठकीवर आयुष्य वेचलेल्या आम्हांस इतका रोखठोक उपदेश क्वचितच आढळला आहे.

यमुनातीरी, आजच्या प्रयागराजपासून जवळच, कौशांबी नगरी होती. तेथील घोषिताराम विहारात दोन आचार्य राहत. एक नियमांचा जाणकार विनयधर, दुसरा प्रवचनकार धर्मकथिक. धम्मपदाच्या अट्ठकथेत असे सांगितले आहे की, एकदा धर्मकथिक शौचकूपातील भांड्यात पाणी तसेच ठेवून बाहेर आला. नियमाने हा दोष. विनयधराने तो दाखविताच धर्मकथिक दोष कबूल करावयास सिद्ध झाला. 'नकळत घडले असेल तर दोष नाही,' असे म्हणून विनयधराने विषय मिटविला. पण पुढे आपल्या शिष्यांत त्यानेच बोलून दाखविले की, या पंडितास स्वतःचा दोषही कळत नाही. शिष्यांनी ते शिष्यांच्या कानी घातले. धर्मकथिकानेही विनयधरास खोटा ठरविले. अखेर धर्मकथिकावर बहिष्कार पडला आणि संघ दुभंगला.

पुढील वृत्तान्त महावग्गात आहे. स्वतः भगवंत समेट करावयास आले, तेव्हा एका भिक्षूने त्यांस सुचविले की, आपण स्वस्थ असावे, या कलहाचे आमचे आम्ही पाहून घेऊ! जबाबदारीची भाषा किती सुलभ! भांडण 'आमचे' म्हणावयास सारे पुढे. भांड्यातील पाणी 'माझे' म्हणावयास कोणी नाही. भगवंत एकटेच तेथून निघून गेले.

वाटेत प्राचीनवंश वनात अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे भिक्षू त्यांस भेटले. त्यांची राहणी पाहावी. भिक्षेहून जो प्रथम परते, तो आसने मांडी, पाय धुण्यास पाणी ठेवी. जो शेवटी येई, तो सारे आवरून जागा झाडी. पाण्याचे भांडे रिकामे दिसेल त्याने ते भरावे. एकट्यास न पेलले तर हाताच्या खुणेने दुसऱ्यास बोलवावे आणि दोघांनी मिळून निमूटपणे उचलावे. पाळी कोणाची, ही पृच्छाच नाही. कौशांबीत पाण्याने संघ फोडला. येथे पाण्यानेच तो बांधला.

इकडे कौशांबीच्या उपासकांनीही आपले कर्तव्य ओळखले. भगवंतांस जावे लागले याला कारण हेच भिक्षू, असे म्हणून त्यांनी त्यांचा आदरसत्कार आणि भिक्षा बंद केली. भिक्षू श्रावस्तीस भगवंतांकडे निघाले. तेथे बहिष्कृत भिक्षूने धर्म व विनय यांचा स्वतःच विचार केला, आणि दोष आपलाच असल्याचे आपल्या पक्षास सांगितले. संघ पुन्हा एक झाला. जे प्रत्यक्ष भगवंतांच्या मध्यस्थीने साधले नव्हते, त्याचा मार्ग एका माणसाच्या कबुलीने मोकळा झाला.

पाणी विसरणारा धर्म सांगणारा होता आणि बोभाटा करणारा नियम जाणणारा, हे आम्हां कथेकरी-पंडितांनी विशेष ध्यानी घ्यावे. विद्या माणसास दोषापासून वाचवीतच असे नाही. कित्येकदा ती दोष झाकण्याची युक्ती तेवढी पुरविते.

वाचकहो, अशी भांडी आपल्या भोवती पुष्कळ आहेत. चाळीतील वाहता नळ, धर्मशाळेतील रिकामा रांजण, कचेरीत या मेजावरून त्या मेजावर फिरणारा अर्ज, घरात आजाऱ्याच्या उशाशी रिता पडलेला तांब्या. प्रत्येकापाशी 'हे माझे काम नव्हे' हे वाक्य दबा धरून बसलेले असते. आजच्या पौर्णिमेस दीप लावावा, वंदन करावे. आणि उठताना जवळचे भांडे रिते दिसले, तर पाळी कोणाची हे न विचारता ते भरून ठेवावे.