खोडदचं आकाश कुणाचं?

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या साधारण २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या आहेत. २०१० ते २०१२ या काळात या तबकड्यांनी १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचा बहुतेक भाग टिपला. हे ‘टीजीएसएस’ सर्वेक्षण. जीएमआरटीच्या नोंदींवर निरीक्षण करणाऱ्याचा हक्क सहसा १८ महिने असतो, त्यानंतर त्या जगातल्या कुणालाही मिळतात. या सर्वेक्षणाच्या नोंदीही अशाच खुल्या झाल्या.

पण नुसत्या नोंदी म्हणजे आकाशाचा नकाशा नव्हे. इतक्या कमी कंप्रतेच्या लहरी वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातून येताना हेलकावतात आणि प्रतिमा पुसट होते. सर्वेक्षण करणाऱ्या मूळ गटाने आकाशाच्या काही भागाच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या होत्या. बाकीचं काम प्रचंड किचकट होतं. हुइब इंटेमा या डच खगोलशास्त्रज्ञाने नेमका हा हेलकावा दुरुस्त करणारी संगणकप्रणाली लिहिली होती. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खोडदच्या जुन्या नोंदी संग्रहातून घेतल्या, त्या सगळ्यांवर पुन्हा प्रक्रिया केली आणि २०१७ मध्ये सुमारे ९० टक्के आकाशाचा नकाशा आणि सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. तीही सर्वांसाठी खुली. पुढच्याच वर्षी लायडनमध्ये पीएच.डी. करणाऱ्या आयुष सक्सेना यांच्या गटाने त्या सर्वेक्षणातून एक अतिदूरची रेडिओ दीर्घिका हुडकून काढली. नोंदी पुण्यातच कुलूपबंद राहिल्या असत्या, तर यातलं काही घडलं नसतं.

खुलं विज्ञान म्हणतात ते हेच. शोधनिबंध फुकट वाचायला मिळणं हा त्याचा एक भाग झाला. मूळ नोंदी, त्या हाताळणारी प्रणाली आणि पद्धत दुसऱ्याच्या हाती देणं ही खरी कसोटी. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पाने १९९६ मध्ये बर्म्युडात ठरवलं की वाचलेला क्रम २४ तासांत जाहीर करायचा. जानेवारी २०२० मध्ये चांग योंगचेन यांच्या गटाने करोना विषाणूचा जनुकक्रम खुला केला आणि लशींचं काम लगेच सुरू झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये युनेस्कोच्या १९३ सदस्य देशांनी खुल्या विज्ञानाची शिफारस स्वीकारली.

कागदावर जग एकमताचं आहे. व्यवहारात मात्र मोठ्या प्रकाशकांनी खुलेपणाचाही दर लावला. वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, तर लेखकाकडून घ्यायचे. ‘नेचर’ने २०२० मध्ये एका निबंधासाठी ९,५०० युरो जाहीर केले. आपल्याकडच्या विद्यापीठातल्या संशोधकाने ते कुठून आणायचे? मला हा मार्ग साफ अमान्य आहे. लॅटिन अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिथली बहुतेक नियतकालिकं विद्यापीठं आणि सार्वजनिक संस्था चालवतात, आणि ब्राझीलमध्ये १९९८ पासून उभी राहिलेली ‘सायेलो’ ही ऑनलाइन व्यवस्था ती सर्वांपुढे मोफत ठेवते.

भारताने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, सुमारे १३ हजार नियतकालिकं आणि ती वाचायला सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था मोकळ्या. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलांना याचा मोठा आधार होईल, हे मान्य करायलाच हवं. पण हे भाड्याचं घर आहे. करार संपला की दार पुन्हा बंद, आणि स्वतंत्र अभ्यासकाला तर आजही आत प्रवेश नाही.

हे झालं निबंधांपुरतं. मूळ नोंदी तर आपोआप खुल्या राहत नाहीत. त्या साठवायला, नीट नावनिशीसह लावायला, जुन्या साच्यातून नव्या साच्यात न्यायला माणसं लागतात, आणि संशोधनाच्या अंदाजपत्रकात या माणसांसाठी सहसा ओळच नसते. शिवाय नोंदी इतरांना वापरता येतील अशा ठेवल्या म्हणून कुणाला बढतीही मिळत नाही. निबंध मोजले जातात, संग्रह नाही.

आता भारत ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ या जागतिक दुर्बिणीत सामील झाला आहे. त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर आहेत आणि तिच्याकडून वर्षाला ७०० पेटाबाइट माहिती अपेक्षित आहे. त्या माहितीसाठी इथे केंद्र उभारायचं ठरलं आहे. तिथे यंत्रांइतकेच पैसे माहिती सांभाळणाऱ्यांच्या कायम पदांवर खर्च व्हावेत, आणि ती पदं पहिल्या दिवसापासून भरलेली असावीत.