400 किलोमीटर उंचीवरचा सर्व्हर

15 ऑगस्ट 2007. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर काम करणाऱ्या अंतराळवीर रिक मास्ट्राकियो यांना आपल्या डाव्या हातमोज्याच्या अंगठ्यावर छेद दिसला. आतले थर शाबूत होते, हवा गळत नव्हती; तरीही त्यांना बाहेरचं काम अर्धवट सोडून आत परतावं लागलं. निर्वात पोकळीत माणूस आणि मृत्यू यांच्यामध्ये एवढंच कापड असतं. म्हणून हातमोज्यांचे फोटो पृथ्वीवर पाठवायचे, तज्ज्ञ ते निरखणार आणि मग निर्णय वर कळवणार, अशी पद्धत होती. ही तपासणी स्थानकावरच, फोटो काढल्या काढल्या व्हावी यासाठी नासा आणि मायक्रोसॉफ्टने एक प्रणाली तयार केली. ती जिथे चालवून पाहिली, ते यंत्र म्हणजे ‘स्पेसबोर्न कॉम्प्युटर-2’.

माहिती जिथे जन्मते तिथेच तिच्यावर प्रक्रिया करायची, याला एज कॉम्प्युटिंग म्हणतात. कारखाने, रुग्णालयं, मोबाइलचे टॉवर इथे ते रुळलं आहे. पण त्याची खरी कसोटी मला या यंत्रात दिसते, कारण इथे बिघाड झाला तर दुरुस्तीला माणूस पाठवता येत नाही.

या यंत्रातले ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझ कंपनीचे सर्व्हर कार्यालयांना विकले जातात तसलेच आहेत. आश्चर्य आहे ते इथेच. स्थानकाचा मुख्य कारभार आजही इंटेलच्या 386 जातीच्या प्रोसेसरवर चालतो, आणि ती जात 1985 सालची. किरणोत्सर्गाला पुरून उरेल असं यंत्र घडवायला, तपासायला वर्षानुवर्षं लागतात. ते उडेपर्यंत जमिनीवरचं तंत्र कितीतरी पुढे गेलेलं असतं. कंपनीच्या अभियंत्यांनी वेगळी वाट धरली: यंत्राला जड चिलखत चढवायचं नाही, त्याची काळजी सॉफ्टवेअरने घ्यायची. धोका जाणवला की यंत्राने आपला वेग उतरवायचा, चुका शोधायच्या, सावरून पुन्हा कामाला लागायचं. वजनरहित अवस्थेत गरम हवा आपोआप वर जात नाही, म्हणून थंडाव्यासाठी स्थानकाच्या पाण्याच्या नळ्यांचा आधार घेतला.

पहिलं यंत्र ऑगस्ट 2017 मध्ये गेलं आणि जून 2019 मध्ये परतलं. त्यातल्या 20 सॉलिड स्टेट ड्राइव्हपैकी 9 निकामी झाले होते, तरी यंत्र चालत राहिलं. कोणताही भाग कधीही दगा देईल हे गृहीत धरूनच ते रचलं होतं. एज कॉम्प्युटिंगचं मर्म मला या शहाणपणात वाटतं.

दुसरं यंत्र 20 फेब्रुवारी 2021 रोजी व्हर्जिनियातल्या वॉलॉप्सहून सिग्नस यानातून निघालं. आता नुसती चाचणी नव्हती, खरी कामं होती. अंतराळवीर केट रुबिन्स यांनी 2016 मध्ये स्थानकावर पहिल्यांदा डीएनएचा क्रम वाचला होता. पण अशा वाचनातून माहितीचा ढीग तयार होतो. 1.8 जीबी कच्ची माहिती पृथ्वीवर उतरवायला सरासरी 12.2 तास लागत. या यंत्राने ती वरच, 6 मिनिटांत पडताळली आणि 92 केबीचा निष्कर्ष तयार केला. तो पाठवायला लागले 2 सेकंद!

असं विश्लेषण वर चालवण्यासाठी आयबीएम आणि रेड हॅटच्या लोकांनी कंटेनर वापरले. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकाच गाठोड्यात बांधायचं, जमिनीवरच्या तशाच व्यवस्थेत तपासायचं, मग वर धाडायचं. क्लाउडच्या अवाढव्य डेटा सेंटरसाठी मुरलेली ही पद्धत बेताची वीज आणि तुटक संपर्क असलेल्या यंत्रावरही चालते, हे मला वेगाच्या आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं. प्रयोग लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला अंतराळासाठी नवं काही शिकावं लागत नाही.

स्थानकाचा तरी पृथ्वीशी संपर्क बहुतेक वेळ असतो. मंगळ दूर असताना तिथला संदेश एका बाजूने पोहोचायलाच 20 मिनिटांहून अधिक लागतात. तिथल्या अंतराळवीराच्या हातमोज्याला छेद गेला, तर ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाचं उत्तर येईपर्यंत पाऊण तास होऊ शकतो. म्हणून हे काम थांबलेलं नाही: जानेवारी 2024 मध्ये सुधारित यंत्र पुन्हा वर गेलं, या खेपेस 130 टीबीहून जास्त साठवण घेऊन.