बाटली, बाहुला आणि वाडा

‘धडाकेबाज’ (१९९०), ‘झपाटलेला’ (१९९३) आणि ‘पछाडलेला’ (२००४) हे तीन चित्रपट महेश कोठारे यांनी त्रयी म्हणून जाहीर केले नव्हते. पण ओळीनं पाहिले की ती त्रयीच वाटते. अद्भुताचा मुक्काम आधी बाटलीत, मग बाहुल्यात आणि शेवटी अख्ख्या वाड्यात.

अमरावती-अकोल्याची टॉकीज चित्रपट वितरणाच्या सीपी-बेरार सर्किटमधली. तिथं हिंदीचा दबदबा. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातला विनोद इथवर येईपर्यंत निम्मा विझायचा. भुताचं तसं नव्हतं. अंगात येणं, मांत्रिकाकडे नेणं हे धारणीपासून बाळापूरपर्यंत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कोठाऱ्यांची भुतं म्हणूनच इथं परकी वाटली नाहीत.

तिन्हींत सरस ‘झपाटलेला’च. कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटावरून घेतलेली, पण रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची घाबरगुंडी यांनी तिला अस्सल मराठी करून टाकलं. शिवाय गोष्टीला कायदा होता: मंत्रानं तात्याचा जीव बाहुल्यात शिरतो आणि भुवयांच्या मधोमध गोळी लागली तरच मरतो. असा नियम पक्का असला की थापही पटते.

‘पछाडलेला’ची गंमत निराळी. इथं यंत्राची करामत कमी, नटांवर भिस्त जास्त. प्रभावळकरांचे इनामदार भुसनळे मेल्यावरही इनामदारी सोडत नाहीत. भरत जाधव अंगात येण्याचं सोंग देहानं उभं करतात. उत्तरार्धात पळापळ फार होते आणि कथेची वीण सैल पडते. तरी लक्ष्मीकांत बेर्डे मुख्य भूमिकेत नसतानाही आपली शैली तग धरते, हे कोठाऱ्यांनी इथं दाखवलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेर्डे गेले. २०१३ साली ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला. बाहुला डोळ्यांपर्यंत पोचला, पण त्याला घाबरणारा तसा चेहरा समोर नव्हता.

त्याच २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंधश्रद्धेविरुद्धचं हे काम फार आधीपासून करणारे, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात लोकांना हसवत प्रश्न विचारायचे आणि देवाला बकरं कापणाऱ्याला त्याच्याच उत्तरात अडकवायचे. कोठाऱ्यांच्या सिनेमात हसू तेवढंच मोकळं आहे, पण मंत्र खरा ठरतो आणि ‘झपाटलेला’तल्या बाबा चमत्कार या मांत्रिकाची विद्या चालते. करमणुकीकडून प्रबोधनाचा हट्ट धरू नये, हे मान्य. तरीही तात्या विंचूला हसून घरी आलेला पोरगा रात्री अंधाराला कमी भ्यायला असेल, असं मला वाटत नाही. भीतीची गोडी लावणारा दिग्दर्शक म्हणून कोठारे मोठे आहेत. ‘पछाडलेला’ या त्रयीचा थोडा विस्कटलेला, पण ताठ मानेचा शेवट आहे.