आरसा सरकला की तरंगलांबी का बदलते?

दिल्लीतील गाझीपूरच्या कचऱ्यातून निघणारा मिथेन 3.3 मायक्रोमीटरजवळचा अवरक्त प्रकाश शोषतो; तो ओळखावयाचा तर नेमकी तीच तरंगलांबी हवी. प्रकाशीय प्राचलिक आंदोलकाच्या स्फटिकात 0.8 मायक्रोमीटरच्या फोटॉनाचे विभाजन होऊन ती मिळते; जोडीचा 1.06 मायक्रोमीटरचा प्रकाश आरशांमध्ये फिरत राहतो. लेसर सेकंदाला 8 कोटी स्पंद देत असेल, तर ही फेरी 3.75 मीटरचीच हवी, म्हणजे परतणाऱ्या स्पंदाची नव्याशी गाठ पडते. आरसा काही मायक्रोमीटर मागे नेला की वाट लांबते. वेळापत्रक मात्र लेसरचेच. तेव्हा सामान्य अपस्करण असल्यास, स्फटिकातून अधिक वेगाने जाणारा, अधिक तरंगलांबीचा प्रकाश टिकतो, आणि ऊर्जेच्या हिशेबाने मिथेनसाठीची तरंगलांबी आखूड होते. स्फटिक न फिरविता साधणारी ही सोय नाजूकही आहे: खोली एका अंशाने तापली, तरी 2 मीटर पोलाद सुमारे 20 मायक्रोमीटर वाढते.