चपट्या खोक्यांतलं स्वयंपाकघर

सिंगापुरात सुतार स्वयंपाकघराचा भाव फुटावर सांगतो. खालची कपाटं फुटाला इतके डॉलर, वरची इतके, वरच्या दगडाचे वेगळे. भिंतीची लांबी मोजली, गुणाकार केला की आकडा तयार. या ‘फूट रन’मध्ये बिजागरी कसली, प्लायवूड किती जाडीचं, ड्रॉवर किती, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. विचारलं की कळतं, तो भाव दाराच्या साध्या कपाटाचा होता. ड्रॉवर हवे असतील तर दर ड्रॉवरमागे पैसे वाढतात. आम्हाला तर सगळे ड्रॉवरच हवे होते.

घर क्लेमेंटीतलं, जुन्या एचडीबी इमारतीत. १९६० साली स्थापन झालेल्या या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत सिंगापूरच्या दर दहा रहिवाशांतले जवळपास आठ जण राहतात. आमचा फ्लॅट ‘थ्री-रूम’, म्हणजे आपल्याकडचा टू बीएचके. सुतारांचे आकडे ऐकून झाल्यावर आम्ही फ्लॅट-पॅककडे वळलो. कपाटं सुट्या फळ्यांच्या रूपात चपट्या खोक्यांतून येतात आणि जोडणी आपली आपण करायची.

या पद्धतीचं श्रेय बहुतेकदा आयकियाला दिलं जातं. १९५६ मध्ये त्यांच्या गिलिस लुंडग्रेन यांनी गाडीत मावेना म्हणून टेबलाचे पाय काढले, ती गोष्ट प्रसिद्ध आहे. ही कंपनी सिंगापुरात १९७८ पासून आहे. नवी मुंबईत तुर्भ्याला तिचं दुकान उघडलं ते २०२० च्या डिसेंबरात. आता फ्लॅट-पॅक विकणारे इतरही पुष्कळ आहेत. पण ठरावीक रुंदीच्या कपाटांची ओळ लावून स्वयंपाकघर उभं करायचं, ही कल्पना त्याहून जुनी. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वस्त्यांसाठी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं, आणि तशी सुमारे दहा हजार बसवली गेली. त्यात पीठ, साखर, डाळींसाठी ॲल्युमिनियमचे छोटे खण होते. खण ओढायचा आणि त्याच्याच चोचीतून जिन्नस ओतायचा. डब्यांची उतरंड लावणाऱ्या आपल्या बायकांना ते बघून हेवा वाटेल.

खरेदीला निघण्याआधी घराने आपल्या अटी घातल्या. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीतच कचरा टाकायची झडप आहे. तिच्यातून टाकलेला कचरा थेट तळमजल्यावर जातो. १९८९ नंतरच्या इमारतींत ही सोय मजल्यावर सामायिक असते. आमच्यासारख्या जुन्या घरांत ती घरातच, आणि तिचं झाकण पूर्ण उघडेल एवढी जागा सोडावीच लागते. एका कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत सांडपाण्याचा जाड पाइप. त्याला पेटी करून झाकता येतं, पण गळती झाली तर हात घालता येईल अशी फट ठेवावी लागते. जमिनीत पाणी जायची जाळी आहे, तीही कपाटाखाली कायमची गाडायची नाही. गॅसचा पाइप भिंतीवरून येतो. हे सगळं कागदावर मांडलं तेव्हा अख्ख्या भिंतीपैकी आपली अशी भिंत फारच थोडी उरली.

आणि एक गोष्ट, जी परदेशी दुकानांच्या चित्रांत कधीच नसते. इथे कपाटाखाली सिमेंटचा, टाइल लावलेला बुटका चौथरा बांधतात. फरशी धुतली, सिंक तुंबलं, तरी पाणी लाकडाला लागत नाही. फ्लॅट-पॅकची कपाटं मात्र आठेक सेंटिमीटर उंचीच्या प्लॅस्टिकच्या पायांवर उभी राहतात. दोन्ही एकावर एक केलं तर ओटा छातीपर्यंत येईल. दुकानातल्या मुलाने सहज सांगितलं, चौथरा फोडून टाका. सहज फुटत नसतो तो. फोडाफोडीला एचडीबीचा परवाना लागतो, त्यांच्या यादीतलाच ठेकेदार लागतो, शेजाऱ्यांना आधी सूचना द्यावी लागते, आणि मोठ्या आवाजाचं काम फक्त सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. आम्ही चौथरा ठेवला आणि कपाटांचे पाय खोक्यातच राहू दिले. एवढ्या दमट हवेत पाण्यापासून लाकूड उंचावर ठेवणारी सिमेंटची पायरी आयती मिळत असताना ती फोडायला पैसे मोजणं हा मला शुद्ध खुळेपणा वाटतो.

उंचीचा प्रश्न मात्र सुटला नाही. कपाटाचा सांगाडा ८० सेंटिमीटरचा, त्याखाली चौथरा, वर ओट्याची जाडी. बेरीज नव्वदीच्या पुढे गेली. आपल्याकडे कडाप्प्याचा ओटा साधारण ३२-३३ इंच, म्हणजे ८१ ते ८४ सेंटिमीटर. भाजी चिरायला हा फरक जाणवत नाही, पोळ्या लाटायला जाणवतो. खांदे वर उचलून वीस पोळ्या लाटून बघा. म्हणून खिडकीच्या बाजूला कपाट घेतलंच नाही. तिथे ७५ सेंटिमीटरवर, म्हणजे टेबलाच्या उंचीला, जाड फळी बसवली. खाली कणकेचा डबा आणि परात. साताऱ्याहून सासूबाई येतात तेव्हा स्टूल ओढून तिथेच बसून लाटतात. “बसून करण्यासारखं काम उभ्याने का करायचं?” असं त्या म्हणतात, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कपाटं निवडताना दाराच्या रंगात अडकू नये. दुकानं मुद्दाम तिथेच अडकवतात. सांगाडे सगळे जवळजवळ सारखे, १८ मिलिमीटर जाडीचा पार्टिकल बोर्ड, वर मेलामाइनचा थर. दारं मात्र साध्या पांढऱ्यापासून ओकच्या पातळ पापुद्र्यापर्यंत, आणि किमतीतली उडी सगळी तिथेच. आम्ही सर्वांत स्वस्त पांढरी दारं घेतली आणि वाचलेले पैसे ड्रॉवरच्या रुळांत घातले. खालच्या कपाटात वाकून, हात खांद्यापर्यंत आत घालून मागचा कुकर काढायचा, हे ज्यांनी आयुष्यभर केलंय त्यांना ड्रॉवरची महती सांगायला नको. पूर्ण बाहेर येणारा, वजन पेलणारा रूळ हवा. तांदळाचा भरलेला डबा, कुकर आणि लोखंडी तवे एका ड्रॉवरमध्ये आले की वजन किती होतं ते कुठल्याच चित्रात दिसत नाही.

रुंद्या ठरलेल्या असतात, ४०, ६०, ८० सेंटिमीटर. साठच्या कपाटाच्या दोन बाजू वजा केल्या की आत ५६.४ उरतात, ड्रॉवरमध्ये त्याहून कमी. परात, पोळपाट आणि मिक्सर अशी तीन मापं खिशात ठेवून दुकानात जावं. दुकानातले ड्रॉवर सपाट पांढऱ्या ताटल्यांनी भरलेले असतात. आपल्या उभट डब्यांचं तिथे कुणाला पडलेलं नसतं. भिंत बरोबर कपाटांच्या बेरजेएवढी कधीच भरत नाही. उरलेल्या बोटभर-चारबोट जागेत दाराच्याच रंगाची पट्टी कापून लावतात. ही पट्टी टाळून कपाट भिंतीला चिकटवलं तर कडेचा ड्रॉवर पुरता उघडत नाही.

खोकी आली ती लिफ्टने, आणि फ्लॅट-पॅकचं खरं सुख तिथे कळलं. जुन्या ब्लॉकची लिफ्ट लहान. तयार कपाट तिरकं करूनही शिरलं नसतं. घरात मात्र आठवडाभर पुठ्ठ्यांचं राज्य होतं. शेवटी ते जुनं-पुराणं गोळा करणाऱ्या ‘करुंग गुनी’ अंकलना दिले. त्यांनी ते पायाने दाबत, सुतळीने बांधत इतक्या झटपट ढकलगाडीवर रचले की आम्ही नुसते बघत राहिलो.

सांगाडे आम्ही दोघांनी जोडले. काम अवघड नाही, चिकाटीचं आहे. लाकडी खुंट्या भोकांत बसवायच्या, दुसरी फळी त्यावर दाबायची, धातूच्या चकत्या अर्धा वळसा फिरवून आवळायच्या. पाठीची फळी पातळ असते आणि बघणाऱ्याला बिनकामाची वाटते. पण कपाट गुण्यात राहतं ते तिच्यामुळेच. ती बसवण्याआधी दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे भरले तर काटकोन बरोबर. इथे दोन मिलिमीटर सोडून दिले तर शेवटी दारं एका रेषेत येत नाहीत, आणि तेव्हा कारण शोधून सापडत नाही.

टांगायला मात्र माणूस बोलावला. हे अंकल मलेशियातल्या जोहोरहून रोज सकाळी पूल ओलांडून येणारे, मितभाषी. आल्या आल्या त्यांनी एकाही खोक्याकडे पाहिलं नाही. लेझरची लाल रेघ भिंतींवर फिरवली आणि चौथऱ्यापासून तिची उंची जागोजाग मोजत गेले. जिथे अंतर सर्वांत कमी तिथे चौथरा सर्वांत उंच. त्या जागेवर पेन्सिलीची खूण, आणि पुढची सगळी मापं तिथून. आपल्याकडचे जुने गवंडी पाणसळीची नळी धरून हेच करायचे. मग वरच्या कपाटांसाठी भिंतीवर पोलादी पट्टी ठोकली. ही पट्टी एकदा पातळीत बसली की कपाटं तिच्यावर अडकवून डावी-उजवीकडे सरकवता येतात. पट्टी सोबत येते, भिंतीतले स्क्रू येत नाहीत, कारण भिंत कसली आहे हे दुकानाला ठाऊक नसतं. अंकलनी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. एकीकडे भरीव काँक्रीट, दुसरीकडे आतून पोकळ भिंत. दोन्हीकडे स्क्रूसाठी वेगवेगळे प्लग वापरले. टाइलवर आधी कागदी टेप लावली आणि ड्रिलची ठोकणी बंद ठेवून हळू भोक पाडलं, टाइल संपल्यावर ठोकणी चालू केली. एकही टाइल तडकली नाही. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून बांधलेल्या घरांत स्वयंपाकघराला लागून काँक्रीटची आपत्कालीन निवारा-खोली असते. तिच्या भिंतींना भोकं पाडण्याचे नियम वेगळे आहेत, ते आधी बघून घ्यावेत.

क्रमही त्यांचा पक्का. आधी वरची कपाटं, म्हणजे खालच्यांवर ओणवं व्हावं लागत नाही. मग खालची, कोपऱ्यापासून बाहेर. चौथरा जिथे खाली दबलेला तिथे प्लॅस्टिकच्या पातळ चकत्या. सगळी कपाटं एकमेकांना स्क्रूने आवळली, मग ओटा, आणि दारं अगदी शेवटी. प्रत्येक बिजागरीला तीन स्क्रू, एकाने दार वरखाली होतं, दुसऱ्याने बाजूला, तिसऱ्याने आत-बाहेर. दारांमधल्या फटी सारख्या करत अंकल बराच वेळ पेचकस फिरवत राहिले. मी म्हटलं, चालेल की एवढं. ते म्हणाले, “कॅनॉट.”

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी सिंकखालच्या कपाटाला दिला. पाइपासाठी पाठीला भोकं पाडावी लागतात आणि भोकाच्या कडेला पार्टिकल बोर्ड उघडा पडतो. भुसा आणि डिंकच तो. पाणी लागलं की बिस्किटासारखा फुगतो आणि पुन्हा मूळपदाला येत नाही. प्रत्येक भोकाच्या आतल्या कडेला, ओट्यात सिंकसाठी कापलेल्या चौकटीच्या पूर्ण कडेला त्यांनी बोटाने सिलिकॉन चोपडलं आणि सुकेपर्यंत सिंक बसवू दिलं नाही. इथे वर्षभर हवेतच पाणी असतं. स्वस्त स्वयंपाकघरं खराब होतात ती बहुधा याच कपाटापासून. आमच्या मजल्यावरच्या एका घरात महागडी दारं अजून झकास आहेत आणि सिंकखालचा तळ मात्र पावासारखा हाताने निघतो.

नळजोड परवानाधारक प्लंबरकडून, विजेचं काम परवानाधारक वायरमनकडून, गॅसची शेगडी गॅसचं काम करायचा परवाना असलेल्या माणसाकडूनच. यात घासाघीस करू नये. इंडक्शनचा विचार झाला होता, पण फुलका आचेवर फुगवायचा तर गॅस हवा. खालच्या कपाटातून गॅसचा पाइप जात असेल तर त्याला हवा खेळती राहील अशी जाळी ठेवून घ्या. चिमणी आमच्याकडे हवा गाळून परत आत सोडणारी आहे, धूर बाहेर नेणारा पाइप काढायला जागाच नव्हती. मिरचीच्या फोडणीपुढे ती निरुपयोगी आहे. खिडकी उघडा आणि तळणीला बसा.

सगळ्या बिलात सांगाड्यांचा वाटा लहानच निघाला. ओटा, रूळ आणि माणसांची मजुरी यांनीच पैसे खाल्ले, आणि ते योग्य होतं. फुटावरच्या भावापेक्षा तरीही बरंच कमी पडलं, पण मापं घेण्याचं आणि डोकं चालवण्याचं काम आमच्या वाट्याला आलं. ज्याला ते नको असेल त्याने सुतारच गाठावा. तोही वाईट सौदा नाही.

दिवाळीच्या फराळाआधी नवं स्वयंपाकघर हवं असेल तर उलटे दिवस मोजा. रविवारी आणि सुटीच्या दिवशी कुठलंच काम चालत नाही, शनिवारी आवाजाचं चालत नाही, आणि सिंगापुरात दीपावलीची सार्वजनिक सुटी असल्याने तिच्या आदल्या दिवशीही ड्रिल लावता येत नाही. भोकं पाडायची ती सगळी त्याच्या आधीच्या आठवड्यात, कामाच्या दिवशी उरका. दारांच्या बिजागऱ्या नंतर आवळल्या तरी चकल्या पाडता येतात.