दोन अर्जुनी आणि एक नगरपंचायत

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची दोन तालुक्यांची ठिकाणे आहेत. एक मुंबई-कोलकाता हमरस्त्यावरचे, म्हणून ते सडक अर्जुनी. दुसरे शेजारच्या मोरगावचे नाव जोडून घेतलेले, ते अर्जुनी-मोरगाव. या दुसऱ्या अर्जुनीला रेल्वे आहे. गोंदियाहून निघालेली गाडी सौंदड, देवलगाव करीत येथे येते आणि पुढे वडशाकडे जाते. आज आपण या रेल्वेच्या अर्जुनीविषयी बोलू.

हा मुलूख झाडीपट्टीचा. येथे पाऊस चांगला पडतो, पण पडतो तो चार महिन्यांतच. आणि पीक कोणते, तर धान! बांधीत पाणी उभे राहिल्याशिवाय त्याचे भागत नाही. रोवणी वेळेवर झाली तरी अश्विनात पावसाने दगा दिला की लोंबीत दाणा भरत नाही. जुन्या लोकांनी यावर तोड काढली ती तलावांची. उताराला आडवी पाळ घालायची, वरचे पाणी अडवायचे आणि पाटाने खालच्या बांध्यांना द्यायचे. या कामात कोहळी समाजाचा हातखंडा. याच तालुक्यातला नवेगावचा विस्तीर्ण बांध अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असे सांगतात. गाढवी नदीवर गोठणगावजवळ झालेले इटियाडोह धरण हे फार अलीकडचे.

येथले लोक 'मामा तलाव' म्हणतात, तेव्हा नवखा माणूस गोंधळतो. हा आईचा भाऊ नव्हे बरे! माजी मालगुजारी तलाव, त्याचे हे संक्षिप्त रूप. मालगुजार गावचा सारा गोळा करी, तलावाची पाळही त्याच्या देखरेखीखाली असे. रयतेचे सरपण, चराई, पाणी यांचे हक्क वाजिब-उल-अर्जात नोंदलेले असत. मालगुजारी फार न्यायाची होती असे मुळीच नाही. पण पाळ फुटली तर कोणाच्या दारी जायचे, हे गावाला ठाऊक होते. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. पुढे 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि लहान तलाव त्यांच्या लघुसिंचन विभागाकडे गेले.

आता मुद्द्याची गोष्ट. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करायचे ठरवले आणि 2015 मध्ये अर्जुनी-मोरगावही नगरपंचायत झाले. सरपंच गेले, नगराध्यक्ष आले. ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले. सतरा प्रभाग पडले. दिवाबत्ती, नाल्या, रस्ते यांसाठी नगरविकास खात्याचा पैसा मिळण्याची वाट मोकळी झाली. बाजारपेठेच्या गावाला हे हवेच होते.

पण काही गोष्टी हातच्या गेल्या. पहिली ग्रामसभा. तीत साधा मतदारही उभा राहून 'हा खर्च कशाचा?' असे विचारू शकत होता. नगरपंचायतीच्या सभेत बोलायचे ते नगरसेवकांनी. दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नगरपंचायतीच्या हद्दीतला माणूस जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठी मत देत नाही. पंचायत समितीची कचेरी त्याच्याच गावात, पण तिच्यावर निवडून कोण जावे हे ठरवणार आजूबाजूची खेडी! आता असा शेतकरी डोळ्यांसमोर आणा, की ज्याचे घर प्रभागात आहे आणि धानाची बांधी शेजारच्या खेड्यातल्या मामा तलावाखाली. तलावात गाळ साचला, तुडुंब फुटले, तर काम जिल्हा परिषदेचे. नगरसेवक म्हणणार, हे आमच्या कक्षेत नाही. जिल्हा परिषदेचा सदस्य तोंडाने म्हणणार नाही, पण मनात म्हणेल, हा माझा मतदार नाही.

पाण्याला प्रभागाची हद्द कळत नाही. ते उताराने येते, चार गावांच्या शिवारातून. माझ्या मते, तलावाच्या लाभक्षेत्रात ज्याची जमीन आहे, त्या प्रत्येकाला, मग तो शहरी हद्दीत राहो की खेड्यात, पाणीवाटपाच्या बैठकीत बसता यावे. पाणी वापर संस्थांसाठी राज्याचा 2005 चा कायदा आहे, आणि त्यात सभासदत्व ठरते ते जमिनीवरून, मतदारयादीवरून नव्हे. अर्जुनीच्या शेतकऱ्याने तो मागून घ्यावा आणि आपल्या तलावाला कितपत लावता येतो ते रोवणीच्या आधीच विचारून ठेवावे.