साच्यात फुगणारं प्लास्टिक

प्लास्टिकच्या मोठ्या झाकणाच्या आतून मजबुतीसाठी पट्ट्या दिलेल्या असतात. बाहेरच्या गुळगुळीत बाजूवर, बरोबर त्या पट्टीच्या जागी, बोट फिरवून पाहा. बहुतेक वेळा हलकासा खड्डा लागतो. मोल्डिंगवाले त्याला सिंक मार्क म्हणतात आणि त्याच्या नावाने बोटं मोडतात.

इंजेक्शन मोल्डिंगची निम्मी डोकेदुखी निवण्यात आहे. हॉपरमधला दाणा बॅरलमध्ये वितळतो, स्क्रू तो साच्यात ढकलतो, इथवर सगळं सुरळीत. पण थंड होताना प्लास्टिक आक्रसतं, जाड जागी जास्त, पातळ जागी कमी. त्यामुळे कुठे खड्डा पडतो, कुठे अख्खा भाग वाकतो. म्हणून साचा भरल्यावरही मशीन मागून दाब धरून ठेवतं. तो गेटजवळ, म्हणजे माल साच्यात शिरतो त्या तोंडाजवळ, नीट लागतो, दूरच्या टोकाला पोचेपर्यंत माल घट्ट होऊ लागलेला असतो. शिवाय हा दाब सोसायला साचा तितक्याच ताकदीने मिटून धरावा लागतो. ही ताकद म्हणजे टनेज, आणि मशीनची किंमत मुख्यतः तिच्यावरच ठरते.

मायक्रोसेल्युलर मोल्डिंगमध्ये, म्हणजे मालात वायूचे बारीक बुडबुडे पाडणाऱ्या तंत्रात, हा दाब बाहेरून देण्याऐवजी आतून उभा केला जातो.

कल्पना अमेरिकेतल्या एमआयटीमधली. कोडॅक कंपनीला आपल्या मालात प्लास्टिक कमी वापरायचं होतं, पण मजबुती घालवायची नव्हती. कोरियात जन्मलेले प्राध्यापक नाम सुह आणि त्यांचे विद्यार्थी जेन मार्टिनी व फ्रान्सिस वॉल्डमन यांनी त्यावर काम केलं. तर्क साधा होता: प्लास्टिकमध्ये मुळातच असलेल्या बारीक दोषांपेक्षा बुडबुडे लहान ठेवले, तर त्यांच्यामुळे तडा जाण्याचं भय वाढणार नाही. १९८४ साली पेटंट मिळालं. १९९५मध्ये ट्रेक्सेल कंपनीने परवाना घेतला आणि ‘म्यूसेल’ या नावाने तंत्र बाजारात आणलं.

मशीन बाहेरून नेहमीसारखंच दिसतं. फरक बॅरलच्या पोटात आहे. तिथे नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड अतिदाबाखाली सोडतात. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सियस आणि सुमारे ७४ बारच्या पलीकडे गेला, की तो ना धड वायू उरतो ना द्रव. या अवस्थेत तो वितळलेल्या मालात चांगला मिसळतो. नायट्रोजन कमी विरघळतो, पण बुडबुडे अधिक बारीक पाडतो, त्यामुळे कारखान्यांचा कल त्याच्याकडे. प्रमाण किती? वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. स्क्रूवरची खास कंगोरेदार रचना वायू मालात एकजीव करते आणि बंद होणारं नोझल दाब टिकवतं. माल साच्यात शिरताच दाब कोसळतो आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखा वायू सगळीकडून एकदम सुटतो. एका घन सेंटिमीटरमध्ये लाखो, कोट्यवधी पोकळ्या तयार होतात, एकेक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. प्रत्येक पोकळी आपापल्या जागी ढकलते, म्हणून दूरच्या कोपऱ्यातही साचा पूर्ण भरतो. मागून दाब धरायची गरज जवळजवळ संपते. टनेज कमी, वाकणं कमी, आणि सायकल, म्हणजे एक भाग काढायला लागणारा वेळ, तीही छोटी होते.

प्लास्टिक साधारण पाच ते पंधरा टक्के वाचतं. कोडॅकला हवं होतं ते हेच. पण माझ्या मते या तंत्राची खरी कमाई दाण्यात नाही, सरळ आणि मापात निघणाऱ्या भागात आहे.

दोषही आहेत. पुढे सरकणाऱ्या मालाच्या तोंडाशी बुडबुडे फुटतात आणि साच्याच्या भिंतीवर घासले जाऊन पृष्ठभागावर चंदेरी रेघा उमटवतात. म्हणून हे भाग बहुधा झाकलेलेच असतात: मोटारीच्या एसीची खोकी, पंख्याची आवरणं, डॅशबोर्डचा सांगाडा. मध्येच वीज गेली, बॅरलमधला दाब उतरला, तर वायू वेगळा होतो आणि तो माल बाहेर काढून टाकावा लागतो.

असं पोकळ्यांनी भरलेलं प्लास्टिक, म्हणजे फोम, आपल्याकडे नवं नाही. जळगावात जैन इरिगेशन पीव्हीसी फोमचे तक्ते बनवते, पण ते एक्स्ट्रुजनने, सलग पट्टीत. साच्यातला फोम ही वेगळी कला.

आता हे सगळं मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्याच्या कितपत कामाचं? नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, याच तालुक्यात, बोरगावची औद्योगिक वसाहत आहे. रेमंडच्या कापड कारखान्यामुळे ती ओळखली जाते. २०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा हा तालुका त्यात गेला. इथे उद्या कुणी मोल्डिंगचं मशीन घ्यायला निघाला, तर संत्र्याच्या क्रेटसाठी वायूच्या फंदात पडू नये. क्रेटला गाडीतून आपटणं सोसायचं असतं आणि पोकळ्यांनी आघात झेलण्याची ताकद घटते. मोटारीचे झाकलेले भाग करायचे असतील तर जरूर विचार करावा, पण जुन्या साच्यावर नव्हे. भिंत पातळ कुठे ठेवायची, पट्टी जाड कुठे चालेल, हे वायू गृहीत धरूनच आखावं लागतं. जुन्याच साच्यावर नुसता नायट्रोजन वापरला, तर बराचसा फायदा हातचा जातो आणि खर्च मात्र पुरा पडतो.